बी सेलचा रिसेप्टर: लाइट चेन नसतानाच हेवी चेन पास कशी होते??

झोपाळू_बी:
मंडळी, मदत हवीये आणि जरा लवकर हवीये. सेमिनारला मला बी सेल डेव्हलपमेंट (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी कशा घडतात) आलंय, त्यातही नेमका रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं जंतूला चिकटणारं प्रोटीन, तयार होण्याचा भाग. काल रंगीत तालीम केली तर पहिल्याच स्लाइडला मॅडम म्हणाल्या हे उलटं आहे, परत वाचून ये. बस्स, काय उलटं ते काही सांगितलं नाही. माझ्या स्लाइडवर असं होतं की जंतू आत आला, बी सेलने तो पाहिला आणि मग त्याला बसेल असा रिसेप्टर बनवायला घेतला. यात काय चुकलं मला खरंच कळत नाहीये, लस घेतल्यावर अँटीबॉडी नंतरच वाढतात ना?

दुसरं म्हणजे सगळीकडे लिहिलंय की आधी हेवी चेन आणि मग लाइट चेन (रिसेप्टरच्या मोठ्या आणि लहान प्रोटीन-साखळ्या), पण रिसेप्टरला तर दोन्ही लागतात, मग लाइट चेनचा पत्ताच नसताना हेवी चेन बरी निघाली की नाही हे पेशीला कळतं कसं? पुस्तकात "सरोगेट लाइट चेन" एवढा शब्द येतो आणि पुढच्या ओळीत गाडी निघून जाते. आणि हे रॅग नावाचं एन्झाइम स्वतःच्याच डीएनएला कापतं हे खरंच आहे का, म्हणजे आरएनए नाही, डीएनए? मग पेशी मरत कशी नाही.

काकूबाई_एमएस्सी:
मॅडमनी सांगायला हवं होतं, पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे, बाण उलटा आहे. जंतू यायच्या कितीतरी आधी रिसेप्टर तयार झालेला असतो. बोन मॅरोमध्ये, म्हणजे आपल्या अस्थिमज्जेत (मज्जा तिथेच चालते सगळी), प्रत्येक बी पेशी आपला आपला एक रिसेप्टर नशिबाने जुळवते आणि बाहेर पडते. त्या वेळी तिला जगात कुठले जंतू आहेत याची काडीचीही कल्पना नसते. नंतर कधीतरी एखादा जंतू येतो, लाखो पेशींपैकी ज्या दोन-चार जणींचा रिसेप्टर योगायोगाने त्याला चिकटतो त्या वाढतात, बाकीच्या बसून राहतात. लशीनंतर अँटीबॉडी (म्हणजे त्याच रिसेप्टरच्या पेशीबाहेर सोडलेल्या प्रती) वाढतात त्या यामुळे. किल्ली बघून कुलूप बनवत नाहीत, आधी ढीगभर कुलपं बनवून ठेवतात आणि किल्ली येईल तेव्हा बघू म्हणतात.

डीएनए कापलं जातं हे शंभर टक्के खरं. याचा पहिला धडधडीत पुरावा १९७६ चा, होझुमी आणि तोनेगावा यांचा. उंदराच्या गर्भाचा डीएनए घेतला आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या ट्यूमर पेशींचा घेतला, दोन्ही एकाच एन्झाइमने तुकडे केले आणि लाइट चेनचा व्ही भाग (जंतूला चिकटणारा, बदलता) नि सी भाग (ठरावीक, सारखा राहणारा) कुठल्या तुकड्यावर येतात ते पाहिलं. गर्भात ते दोन वेगवेगळ्या तुकड्यांवर, ट्यूमरमध्ये एकाच तुकड्यावर. म्हणजे मधला डीएनए गेला आणि लांबचे शेजारी झाले. तोवर जनुकं आयुष्यभर जागच्या जागी राहतात असंच बहुतेक जण धरून चालले होते. तोनेगावांना १९८७ चं नोबेल याच्यासाठी मिळालं. जीव जाईल असं ते काम होतं, तेव्हाच्या साधनांनी करायचं म्हणजे, असो.

आता सामान बघ. माणसात हेवी चेनचं दुकान १४ व्या गुणसूत्रावर आहे, तिथे बदलता भाग घडवणारे डीएनएचे तुकडे तीन जातींचे, कामाचे व्ही साधारण ४०, डी २३ आणि जे ६. लाइट चेनचे दोन प्रकार, कप्पा २ऱ्या गुणसूत्रावर आणि लॅम्डा २२ व्यावर, त्यांना डी नसतोच, फक्त व्ही आणि जे. हेवीत एक व्ही, एक डी, एक जे उचलून जोडायचे म्हणजे ४० गुणिले २३ गुणिले ६, झाले ५,५२०. लाइटच्या दोन्ही मिळून अंदाजे ३२० जोड्या धर. गुणाकार १७,६६,४०० येतो. मोठा वाटतो पण खरी गंमत जोडकामाच्या सांध्यात आहे, त्यापुढे हा आकडा काहीच नाही. ते कोणीतरी दुसऱ्याने लिहा, माझा डबा... माझी लेक उठली.

गेट_चुकला:
काकूंनी मुद्द्याचं सांगितलं. मी फ्लो सायटोमेट्रीवर (पेशींना चमकते रंग लावून एकेक मोजणारं मशीन) दिवसभर हेच बघतो, तर मला सरोगेटवाल्या प्रश्नाबद्दल बोलू द्या, कारण तो प्रश्न मस्त आहे आणि बहुतेक लोकांना तो पडतच नाही.

आधी कापाकापी. रॅग-१ आणि रॅग-२ ही जोडी (१९८९ आणि १९९० ला सापडली) प्रत्येक तुकड्याच्या कडेला एक खूण शोधते. खुणेत डीएनएची सात अक्षरं, मग मोकळी जागा, मग नऊ अक्षरं. सात अक्षरं म्हणजे सीएसीएजीटीजी, तीच सगळीकडे थोड्या फरकाने. मोकळी जागा मात्र दोनच मापांची असते, १२ अक्षरं किंवा २३. डीएनएच्या एका वेटोळ्यात साडेदहा अक्षरं येतात, तेव्हा ही जागा म्हणजे सुमारे एक वेटोळं किंवा दोन वेटोळी. नियम असा की १२ वाली खूण २३ वाल्याशीच जुळते, १२-१२ नाही, २३-२३ नाही. हेवीत व्हीला २३, जेला २३ आणि डीला दोन्ही बाजूंना १२, त्यामुळे व्ही थेट जेला चिकटूच शकत नाही, मध्ये डी यावाच लागतो. बघा ना, एवढ्या साध्या मापाने अख्खी शिस्त लावली.

आणि क्रम ठरलेला असतो, आधी डी ते जे, मग व्ही ते डीजे. पहिल्या पायरीला पेशी प्रो-बी असते, हेवी चेन जमली की प्री-बी.

आता तुझा प्रश्न. म्यू, म्हणजे हेवी चेनचं प्रोटीन, एकटं पेशीतून बाहेर जाऊच शकत नाही. ईआरमध्ये (पेशीतली प्रोटीनची घडी घालायची जागा) बिप नावाचं एक प्रोटीन तिला धरून ठेवतं, तिचा एक भाग अर्धवट उलगडलेलाच असतो, जोडीदार मिळेपर्यंत सोडत नाहीत. खऱ्या लाइट चेनच्या जागी तेव्हा दोन तयार तुकडे असतात, व्हीप्रीबी आणि लॅम्डा५. यांना काही जोडकाम लागत नाही, साधी जनुकं, जशीच्या तशी वाचली जातात, प्रत्येक पेशीत सारखीच. व्हीप्रीबी लाइट चेनच्या व्ही भागासारखं, लॅम्डा५ सी भागासारखं, दोघं मिळून एक तोतया लाइट चेन. ती म्यूला बसली तर म्यू सुटते, आयजी-अल्फा आणि आयजी-बीटा (सीडी७९ए आणि सीडी७९बी) यांना घेऊन पृष्ठभागावर येते. हाच प्री-बी सेल रिसेप्टर, आणि मग आतून सिग्नल सुटतो.

म्हणजे पेशीला काही "कळत" नाही. परीक्षक नाहीच कोणी. म्यू बनली, घडी नीट बसली, तोतया जोडीदाराला धरता आलं तर ती वर येते, आणि वर आली हाच निकाल. तिने कुठला जंतू धरला का हा प्रश्नच इथे नाही. उलट व्हीप्रीबी आणि लॅम्डा५ दोघांना एकेक जास्तीचं शेपूट असतं, बाकी अँटीबॉडीसारखं न दिसणारं, त्या शेपटांनी शेजारचे प्री-बी रिसेप्टर एकमेकांना गुंततात असं आहे. कुठलीही किल्ली न घालता कुलूप वाजतं.

मशीनवर हे दिसतं कसं ते सांगतो. उंदराच्या मज्जेच्या पेशी घे, बी२२० लाव, सीडी४३ लाव (पेशी कुठल्या पायरीवर आहे ते ओळखायच्या खुणा), बाहेरून म्यूचा रंग लाव. प्री-बी पेशींत बाहेर जवळजवळ काहीच दिसत नाही, शून्य म्हणालो तरी चालेल, कारण प्री-बी रिसेप्टर पृष्ठभागावर फारच कमी असतो. त्याच पेशी फिक्स करून आवरणाला भोकं पाडून परत तोच रंग आत घातला की म्यूच म्यू, आख्खा गठ्ठा उजवीकडे सरकतो. पहिल्यांदा मी बाहेरूनच रंगवून "प्री-बी नाहीतच सॅम्पलमध्ये" असं लिहून दिलं होतं. माझं टोपणनाव उगाच नाही.

झोपाळू_बी:
अरे बापरे, हे कोणी वर्गात का सांगत नाही. म्हणजे तोतया आधी येतो आणि खरा नंतर. पण मग एक सांगा, म्यू बरी निघायचे चान्सेस किती? आणि नाही निघाली तर? शिवाय हे झालं उंदराचं दिसतंय ते, क्रम खरंच असा आहे हे सिद्ध कसं केलं? मॅडम हेच विचारणार, मला त्यांचा चेहरा दिसतोय.

हिशेबनीस:
मी बायोलॉजीचा नाही, कोड लिहितो, पण हा भाग मला आवडतो म्हणून.

सांधा कसा होतो ते आधी. रॅग कापतं तेव्हा तुकड्याच्या टोकाचे दोन धागे एकमेकांना शिवले जाऊन केसांच्या पिनेसारखं वळण होतं. मग आर्टेमिस नावाचं एन्झाइम ती पिन उघडतं, पण बरोबर मधोमध उघडतंच असं नाही. समजा वरच्या धाग्याचं टोक टीसी असं संपत होतं. पिन दोन अक्षरं बाजूला उघडली तर खालच्या धाग्याची दोन अक्षरं वर येतात आणि टोक होतं टीसीजीए. दोन अक्षरं फुकटात, उलटसुलट वाचली तर जोडी जमणारी. मग टीडीटी नावाचं एन्झाइम येतं आणि कुठलाही नमुना न बघता मनाला येतील ती अक्षरं लावत सुटतं, तर दुसरीकडे टोकं कुरतडलीही जातात. शेवटी केयू, डीएनए-पीके, एक्सआरसीसी४, लायगेज-४ ही नेहमीची दुरुस्ती टोळी येऊन टाके घालते. पेशी मरत का नाही याचं उत्तर हेच, तुटलेला डीएनए शिवायची माणसं आधीपासूनच कामावर आहेत.

आता हिशेब. प्रोटीन तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. सांध्यात किती अक्षरं वाढली-गळली ते नशिबावर, त्यामुळे पुढचं वाचन तीनच्या पटीत राहण्याची शक्यता एक तृतीयांश. बाकी दोन तृतीयांश वेळा सगळं सरकतं आणि लवकरच थांबा लागतो, प्रोटीन कचरा. पण पेशीकडे दोन प्रती आहेत, आईची एक, वडिलांची एक. पहिली फसली तर दुसरी. १/३ अधिक २/३ गुणिले १/३, म्हणजे ५/९. तर सुमारे ५५ टक्के पेशी पास, बाकी मरतात. साधा गणिताचा पेपर.

काकूबाई_एमएस्सी:
आले परत. हिशेबनीस, गणित बरोबर पण निकाल बरोबर नाही 🙂 ५/९ हा फ्रेम (तीन-तीन अक्षरांचं वाचन) जुळण्याचा आकडा आहे, पास होण्याचा नाही. फ्रेम जुळलेल्या म्यूंमध्येही पुष्कळशा अशा असतात की त्यांना तोतया लाइट चेन धरताच येत नाही, त्या बिपच्या हातात अडकून राहतात. शिवाय उचललेला व्ही कधी मुळातच मोडका असतो, जनुकाचं नाव आहे पण प्रोटीन होत नाही असा. तेव्हा ५५ ही वरची मर्यादा म्हणा, खरा आकडा खाली.

आणि "पहिली फसली तर दुसरी" हे जे आपण सगळे म्हणतो ते थोडं फसवं आहे. डी-जे जोड दोन्ही प्रतींवर होऊन बसतो, थांबायचं काम व्ही-डीजेच्या पायरीला. एका प्रतीवर जमलं आणि प्री-बी रिसेप्टरचा सिग्नल आला की दुसऱ्या प्रतीचं दार बंद होतं. एका पेशीत दोन वेगळ्या हेवी चेन नकोत म्हणून. याला अॅलेलिक एक्सक्लुजन म्हणतात, झोपाळू, हा शब्द स्लाइडवर असू दे.

झोपाळू, क्रम सिद्ध कसा केला तर माझ्या मते सगळ्यात सुरेख प्रयोग हा. रॅग नसलेला उंदीर घ्या. त्याच्यात काहीच जोडलं जात नाही, पेशी प्रो-बी पायरीवरच अडकतात. आता त्याच उंदरात आधीच जोडून तयार केलेलं म्यूचं जनुक घाला. पेशी एक पायरी पुढे सरकतात, प्री-बी होतात, आणि तिथे परत अडकतात, कारण लाइट चेन जोडायला रॅग नाही. म्हणजे खरी लाइट चेन मुळीच नसताना नुसती म्यू पेशीला पुढे ढकलू शकते. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका उंदरात. हा एकच प्रयोग दाखव, बाकीच्या तीन स्लाइड काढ.

गेट_चुकला:
+१, हाच दाखव. आणि सिग्नल आल्यावर काय होतं तेही टाक कारण तिथे एक नामी गोष्ट आहे. सिग्नल आला की पेशी धडाधड विभागते, चारेक ते सहा वेळा, मोठ्या प्री-बी म्हणतात त्या याच. एवढं कष्टाने जमलेलं म्यू एकाच पेशीत ठेवण्यापेक्षा त्याच्या पुष्कळ प्रती काढल्या आणि प्रत्येकीला वेगळी लाइट चेन जोडायची संधी दिली. या काळात रॅग बंद हवं, विभागताना डीएनए कापलं तर वाट लागेल, आणि खरंच पेशी डीएनएची नक्कल करायच्या टप्प्यात शिरली की रॅग-२ मोडून टाकलं जातं.

पण विभागणं थांबतं कसं? सिग्नलच तोतया लाइट चेनची जनुकं बंद करतो. नवीन तोतये बनत नाहीत, असलेले प्रत्येक विभाजनात अर्धे-अर्धे वाटले जातात, वाटता वाटता संपतात. रिसेप्टर संपला, सिग्नल संपला, पेशी लहान होऊन शांत बसते, रॅग परत जागं होतं आणि लाइट चेनचं काम सुरू. स्वतःच्या फांदीवर बसून ती तोडायची आणि तेच अपेक्षित, असा प्रकार. मला हे वाचल्यावर दोन दिवस बरं वाटत होतं.

रात्रपाळी:
उशिरा येतोय, ड्यूटी होती. तुम्ही सगळे प्री-बी सेल रिसेप्टर म्हणताय, मला तो वॉर्डात दिसतो, म्हणजे तो नसला की जे होतं ते. मुलगा पाच-सहा महिने ठणठणीत असतो, आईकडून आलेल्या अँटीबॉडीवर चाललेलं असतं, त्या संपल्या की कान, छाती, परत कान, परत छाती. टॉन्सिल बघायला गेलो तर जवळजवळ नाहीतच. रक्तात बी पेशी शोधल्या तर नावाला. ब्रुटन यांनी १९५२ मध्ये गॅमा ग्लोब्युलिनच (म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीच) नसलेला मुलगा वर्णन केला तो हाच आजार, आणि जनुक मिळालं ते १९९३ ला, एक्स गुणसूत्रावरचं बीटीके, म्हणून बहुतेक मुलग्यांनाच होतो. बीटीके हा प्री-बी सेल रिसेप्टरच्या सिग्नलच्या साखळीतला एक दुवा. म्यू बनते, वर येते, पण निरोप आत पोचत नाही, त्यामुळे मज्जेत प्रो-बी दिसतात आणि पुढे ओसाड. उपचार म्हणजे दुसऱ्यांच्या अँटीबॉडी नियमित देत राहणं.

लॅम्डा५ च्या दोन्ही प्रती बिघडलेली मुलंही वर्णन झालीत, फार थोडी, आणि चित्र तसंच. तेव्हा तोतया म्हणून हिणवू नका, त्याच्याशिवाय माणसाचं अडतं. उंदराला लॅम्डा५ काढलं तर थोड्या बी पेशी तरीही झिरपत येतात, माणसाला एवढी सूट नाही.

आणि उलट बाजू. लहान मुलांच्या बी सेल ल्युकेमियात पेशी याच पायऱ्यांवर अडकून वाढत राहतात. रिपोर्टवर टीडीटी पॉझिटिव्ह लिहून येतं ते हिशेबनीसांचं "मनाला येतील ती अक्षरं" लावणारं एन्झाइमच. आणि त्या गाठोड्यातल्या पेशी एकाच आईच्या लेकी असल्यामुळे सगळ्यांच्या सांध्यात तीच अक्षरं असतात. उपचारानंतर ती अक्षरं शोधून लाखात एखादी उरलीये का ते बघता येतं. सांध्यातला गोंधळ आमच्या कामाचा ठसा होतो.

झोपाळू_बी:
डॉक्टर, हे ऐकून अंगावर काटा आला. शेवटचं एक, लाइट चेन फसली तर? तिथे पण दोनच चान्स?

गेट_चुकला:
नाही, तिथे जास्त. हेवीत व्ही एकदा डीजेला चिकटला की मधले सगळे डी गेले, उरलेले व्ही आणि जे दोन्ही २३ वाले, खेळ खलास (अगदीच खलास नाही, जोडलेल्या व्हीच्या जागी दुसरा व्ही बसवायची एक पळवाट आहे, पण ती अपवादाने). लाइट चेनला डी नाहीच, त्यामुळे पहिला जोड फसला तरी वरच्या बाजूला व्ही शिल्लक, खालच्या बाजूला जे शिल्लक, त्या फसलेल्या जोडाला ओलांडून परत जोडायचं. कप्पाला ५ जे आहेत. एक प्रत संपली तर दुसरी, कप्पाच्या दोन्ही संपल्या तर लॅम्डाच्या दोन. साधारण कप्पा आधी आणि मग लॅम्डा, माणसात शेवटी कप्पा-लॅम्डा प्रमाण दोनास एकच्या आसपास पडतं, उंदरात मात्र ९५ टक्के कप्पाच.

आणि हीच सोय दुसऱ्या कामाला येते. लाइट चेन जमली, पूर्ण आयजीएम (म्यू अधिक खरी लाइट चेन, म्हणजे पुरा रिसेप्टर) वर आलं, आणि ते आपल्याच शरीराच्या कशालातरी घट्ट चिकटलं तर पेशीला लगेच मारत नाहीत, रॅग चालू ठेवून लाइट चेन बदलून बघतात. रिसेप्टर एडिटिंग. बदलून जमलं तर सुटली, नाही तर गेली.

झोपाळू_बी:
पहिली स्लाइड बदलली. आता बाण मज्जेपासून सुरू होतो आणि जंतू एकदम उजवीकडे टोकाला. मधे तो उंदीर. पण काकू, लसीकाकरणानंतर अँटीबॉडी सुधारतात म्हणतात, अजून घट्ट चिकटतात, ते पण रॅगच करतं का? तसं असेल तर परत बाण उलटा होईल.

काकूबाई_एमएस्सी:
नाही, रॅगचं काम मज्जेतच आटपतं. ते नंतरचं लिंफ नोडमधलं काम एड नावाच्या दुसऱ्या एन्झाइमचं, तुकडे जोडणं नाही, जोडलेल्या व्ही भागात एकेक अक्षर बदलणं. तुझा बाण तसाच राहू दे. आणि "लसीकरण" लिही, स्लाइडवर लसीकाकरण नको.